जुन्या स्पोर्ट्स कारचा चासी नंबर कसा वाचायचा? (पोर्श ९४४ बघतोय, मदत हवी आहे)

नेकारकाठचा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण खरंच अडलंय. मूळचा सांगलीचा, सध्या जर्मनीत हाइलब्रॉनला असतो. शाळेत असताना एका जुन्या मासिकातलं पोर्श ९४४ चं पानभर चित्र कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, तेव्हापासून ती गाडी डोक्यातून गेलेली नाही. आता इथून वीसेक किलोमीटरवर एक विकायला आहे. जाहिरातीत लिहिलंय ९४४ टर्बो, लाल, १९८५ ची. किंमत मात्र साध्या ९४४ च्या जवळपास दुप्पट सांगतायत, टर्बो आहे म्हणून. मालक साठीचे गृहस्थ आहेत, गाडी त्यांच्या थोरल्या भावाची, भाऊ गेल्यावर तीन वर्षं शेडमधे झाकून उभी आहे. बोलण्यावरून माणूस सरळ वाटला.

त्यांनी फोनवर चासी नंबर दिला. नेटवर दोन ठिकाणी टाकून बघितला, एका साइटने फक्त पोर्श, जर्मनी एवढंच सांगितलं आणि दुसरीने चक्क २०१६ चं मॉडेल म्हणून सांगितलं. आता काय विश्वास ठेवायचा? नंबर असा आहे, अक्षरं उच्चाराप्रमाणे लिहितोय, शेवटचे चार आकडे झाकलेत:

डब्ल्यू पी ० झेड झेड झेड ९ ४ झेड जी एन ४ ० _ _ _ _

यावरून गाडी नक्की कुठल्या सालची आणि खरंच टर्बो आहे का ते कळेल का? शनिवारी बघायला जायचंय.

टिळकरोड
रुमाल टाकून ठेवतो. गॅरेजकाकांना कुणीतरी हाक मारा.

गॅरेजकाका
आलो. शेवटचे आकडे झाकलेस ते उत्तम केलंस, पूर्ण नंबर कधी उघड्यावर टाकायचा नाही, चोरीच्या गाडीवर दुसऱ्याचा खरा नंबर चढवणारे लोक असेच नंबर गोळा करतात.

आता नीट वाच, डावीकडून एकेक घर मोजत जा, एकूण सतरा घरं आहेत. पहिली तीन, डब्ल्यू पी शून्य, म्हणजे पोर्शची कार. डब्ल्यू हे जर्मनीचं अक्षर. मधलं ते शून्य आकडाच आहे, ओ नाही, कारण सतरा घरांच्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून. कुणी नंबर सांगताना ओ म्हणालं तर ते शून्यच धरायचं, आणि पत्र्यावर खरोखर ओ ठोकलेला दिसला तर तिथेच थांबायचं.

पुढचे तीन झेड म्हणजे काही नाही. शब्दशः काही नाही. पोर्शने युरोप आणि बाकी जगासाठीच्या गाड्यांत ती घरं भरून काढायला झेड ठोकले. अमेरिकेला गेलेल्या गाडीत तिथे बॉडी, इंजिन वगैरेची अक्षरं असतात. म्हणजे झेड झेड झेड वाचून एवढं कळलं की ही गाडी अमेरिकेहून परत आलेली नाही, तिकडच्या बऱ्याच जुन्या गाड्या युरोपात परत येतात म्हणून हे आधी बघायचं.

आता गंमत बघ. पोर्शच्या मॉडेलला तीन आकडी टाइप नंबर असतो आणि तो त्यांनी दोन ठिकाणी तोडून लिहिलाय. पहिले दोन आकडे सातव्या आठव्या घरात आणि तिसरा थेट बाराव्या घरात. तुझ्या नंबरात सात-आठवर ९४ आणि बारावर ४, म्हणजे ९४४. आणि कारखान्यातून निघालेल्या ९४४ टर्बोचा टाइप नंबर ९४४ नसतोच रे, तो ९५१ असतो. म्हणजे खऱ्या टर्बोत सात-आठवर ९५ यायला पाहिजे आणि बाराव्या घरात १.

तेव्हा तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हा नंबर साध्या ९४४ चा आहे. टर्बोचा नाही.

साल: दहावं घर, जी. पोर्शमधे हे मॉडेल इयरचं अक्षर. १९८० ला ए, ८१ ला बी असं मोजत ये, ८६ ला जी येतो. तीस वर्षांनी तीच अक्षरं परत सुरू होतात म्हणून त्या साइटने २०१६ सांगितलं, तिला काय माहीत ९४४ कधी बंद झाली. आता जाहिरातीत १९८५ आहे आणि नंबर १९८६ म्हणतोय तर घाबरू नकोस, पोर्शचं नवीन मॉडेल इयर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ऑगस्टच्या सुमाराला सुरू होतं, त्यामुळे १९८५ च्या शरदात रस्त्यावर आलेली गाडी जी अक्षराची असणं अगदी बरोबर. कागदावर पहिल्या नोंदणीची तारीख बघ, ऑक्टोबर-नोव्हेंबर ८५ निघेल.

आणि अकरावं घर एन. हे तुझ्यासाठी खास. एन म्हणजे नेकार्सउल्म.

नेकारकाठचा
काका दंडवत!! नेकार्सउल्म?? अहो ते माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे, ऑडीचा कारखाना आहे तिथे. पोर्श तर श्टुटगार्टची ना?

टर्बो नाही हे वाचून मात्र पोटात गोळा आला. मालकाने फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवला होता, बूस्टचा, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब दाखवणारा काटाही चालतो म्हणाले.

गॅरेजकाका
९२४ आणि ९४४ पोर्शने श्टुटगार्टमधल्या स्वतःच्या झुफेनहाउझेनच्या कारखान्यात नाही बांधल्या, त्या काम देऊन ऑडीच्या नेकार्सउल्मच्या कारखान्यात बांधून घेतल्या. तोच जुना एनएसयू कंपनीचा कारखाना, एनएसयू हे नावसुद्धा नेकार्सउल्ममधूनच आलंय. ९११ आणि ९२८ मात्र श्टुटगार्टच्या, त्यांच्यात अकराव्या घरात एस. पुढे ९४४ ची जागा ९६८ ने घेतली ती श्टुटगार्टला बांधली म्हणून तिच्यात एस आहे. आणि इथे अजून एक फसगत होते, १९९२ ची ९११, जिचा टाइप नंबर ९६४, आणि १९९२ ची ९६८, दोन्हींच्या सात-आठव्या घरात ९६, दोन्हींच्या दहाव्या घरात एन, दोन्हींच्या अकराव्या घरात एस. फरक फक्त बाराव्या घरात, एकीत ४ आणि दुसरीत ८. आणि हो, दहाव्या घरातला एन १९९२ सांगतो आणि अकराव्यातला एन नेकार्सउल्म सांगतो, अक्षर तेच, म्हणून घर मोजल्याशिवाय अर्थ लावायचा नाही.

बूस्टचा काटा चालतो याने काही सिद्ध होत नाही. टर्बोचं इंजिन कुणी मागाहून बसवलेलंही असू शकतं. नंबर सांगतो की कारखान्यातून काय निघालं, त्यानंतर चाळीस वर्षांत गाडीला काय काय झालं ते नंबरात कुठून येणार. लगेच माणसाला खोटारडा ठरवू नकोस, भावाची गाडी आहे, त्यालाही माहीत नसेल.

हिमवादळ_मिशिगन
काका, वाचनखूण साठवली. आमच्याकडे हे रोजचं आहे. नवरा आणि मी दोघं मिळून १९६५ ची मस्टँग दुरुस्त करतोय त्यामुळे फोर्डचा नंबर तोंडपाठ झालाय. तेव्हा सतरा घरं नव्हतीच, अमेरिकेत सतरा घरांची सक्ती १९८१ मॉडेलपासूनची, त्याआधी ज्या त्या कंपनीची आपली रीत. मस्टँगला अकरा घरं. पहिला आकडा साल, ५ म्हणजे १९६५. मग कारखाना, एफ डिअरबॉर्न, आर सॅन होजे, टी मेटचन. मग दोन आकडे बॉडीचे, ०७ हार्डटॉप, ०८ उघडी, ०९ फास्टबॅक. आणि मग पाचवं घर, ज्याच्यावर सगळे पैसे ठरतात, इंजिन. टी म्हणजे साधं सहा सिलिंडर, सी आणि ए म्हणजे २८९ घनइंचांचं व्ही८, आणि के म्हणजे २७१ हॉर्सपॉवरचं ते नावाजलेलं इंजिन. के असला की किंमत कुठल्याकुठे जाते, म्हणून सीचा के करून ठोकलेल्या गाड्या बाजारात फिरतात. आणि जीटी पॅकेज होतं की नाही ते नंबरात नसतंच, जीटीची पट्टी आणि बिल्ले कुणीही लावू शकतं.

डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममधे ५ एफ ०८ एफ १००००१ उभी आहे. मस्टँगचे नंबर १००००१ पासून सुरू झाले, म्हणजे क्रमाने पहिलीच. आता वाचा, १९६५ चं साल, डिअरबॉर्न, उघडी गाडी, आणि दुसरा एफ म्हणजे २६० व्ही८. ही गाडी खरं तर विकायची नव्हती पण कॅनडात न्यूफाउंडलंडला स्टॅनली टकर नावाच्या वैमानिकाला विकली गेली, फोर्डने ती परत मिळवायला त्याला १९६६ मधे नवी कोरी मस्टँग दिली. मी त्या गाडीसमोर उभी राहून नंबर एकेक घर वाचला तेव्हा अंगावर काटा आला, खरं सांगते.

टिळकरोड
ताई जबरी माहिती. एक शंका, मग कॉर्व्हेटचं काय? एका ओळखीच्यांनी टेक्सासला १९६७ ची घेतली आणि ते सगळ्यांना मॅचिंग नंबर मॅचिंग नंबर (म्हणजे इंजिन मूळचंच) म्हणून सांगतात.

हिमवादळ_मिशिगन
कॉर्व्हेटमधे उलटी अडचण आहे. १९६३ ते ७१ च्या कॉर्व्हेटच्या नंबरात इंजिनच नाही. साल, मॉडेल, बॉडी, कारखाना आणि क्रमांक एवढंच. उदाहरणार्थ १९६३ ची ती मागची काच दुभागलेली कूपे, तिचा नंबर ३ ०८ ३७ एस ने सुरू होतो, ३७ कूपे, ६७ उघडी, एस सेंट लुइस. आत छोटं इंजिन होतं की मोठं ते नंबरावरून कळायला मार्ग नाही. १९७२ पासून पाचव्या घरात इंजिनाचं अक्षर आलं. त्यामुळे ६७ च्या गाडीत इंजिनाच्या ब्लॉकवर पुढच्या बाजूला जो सपाट भाग असतो त्याच्यावर ठोकलेला गाडीचा क्रमांक आणि इंजिनाचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरं बघावी लागतात. जाणकार तर आकड्यांच्याही आधी त्या जागेवरच्या बारीक समांतर रेघा बघतात, कारखान्यात ब्लॉक तासताना पडलेल्या. घासून नवा नंबर ठोकला की त्या रेघा जातात.

ऑक्सफर्डची_पाहुणी
मी पण येते या चर्चेत, कारण माझ्या सासऱ्यांची एमजीबी (एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार) होती आणि आता ती आमच्याकडे आहे, १९६४ ची. तिचा नंबर जी एच एन ३ ने सुरू होतो. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १४०० ते १९९९ सीसीमधलं इंजिन, एन म्हणजे दोन सीटांची उघडी गाडी आणि ३ म्हणजे तिसरी मालिका. जीटी, म्हणजे पक्क्या छताची असेल तर एनच्या जागी डी. छोटी मिजेट असेल तर एचच्या जागी ए. किती साधं आणि समजूतदार आहे बघा, चार खुणांत अख्खी गाडी. अमेरिकेला पाठवलेल्या गाड्यांत १९७० पासून यू आणि त्यापुढे सालाचं अक्षर, ए म्हणजे ७०, बी म्हणजे ७१ असं.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच. एमजीबीचे क्रमांक १०१ पासून सुरू झाले आणि एमजीएचे १०१०१ पासून, पण त्याच्याही आधीच्या टी मालिकेतल्या बऱ्याच गाड्यांचे नंबर ०२५१ पासून. का २५१? तर अ‍ॅबिंग्डनच्या एमजीच्या कारखान्याचा फोन नंबर २५१ होता! मी इथून अ‍ॅबिंग्डनला बसने जाते, कारखाना १९८० मधे बंद झाला. सासरे सांगायचे की संध्याकाळी भोंगा झाला की सायकलींचा लोंढा निघायचा. आता गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे त्या गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी आहेत, नंबर कळवला आणि फी भरली की ते प्रमाणपत्र देतात, गाडी कधी बांधली, रंग कुठला होता, कुठे पाठवली. आम्ही मागवलं तेव्हा कळलं की आमची मूळची लाल नव्हतीच, पांढरी होती. सासरे असते तर त्यांना फार आवडलं असतं हे.

गॅरेजकाका
सूनबाई, फार छान लिहिलंत. तुमच्या सासऱ्यांनी गाडी सांभाळली म्हणून ही नोंद आज उपयोगी पडली. टी मालिकेतल्या एक-दोन गाड्या आमच्या गॅरेजात आल्या होत्या, पितळी पट्टीवरचा नंबर आणि चासीच्या लोखंडावरचा नंबर जुळतो का ते मी तेव्हाही आधी बघायचो. पट्टी दोन रिवेटांनी लावलेली असते, ती काय कुणीही काढेल आणि लावेल. लोखंडावर ठोकलेला नंबर मुख्य, पट्टी त्याच्या मागून.

ओसाकाकर
सगळ्यांना +१. जपानचं थोडं सांगतो, कारण इथून निघालेल्या जुन्या गाड्या आता सगळीकडे जातात. जपानमधे देशातल्या देशात विकलेल्या गाडीला सतरा घरांचा नंबर नसतोच, आजही नाही. मॉडेलचा कोड, मधे आडवी रेघ आणि पुढे क्रमांक, बस. त्यामुळे बाहेरच्या साइटवर टाकलात की ती म्हणते नंबर चुकीचा.

पण तो छोटा कोड फार बोलका असतो. निसान स्कायलाइन जीटी-आरचा बी एन आर ३२. बी म्हणजे आरबी२६ इंजिन, एन म्हणजे चारही चाकांना ताकद, आर ३२ म्हणजे बॉडी. पुढची पिढी बी सी एन आर ३३, सी म्हणजे मागची चाकंही वळणारी यंत्रणा. आता एच सी आर ३२ म्हणून पण गाडी असते, बाहेरून त्याच घराण्यातली, पण तिच्यात दोन लिटरचं आरबी२० टर्बो आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. तिला जीटी-आरचं बोनेट, बंपर आणि मागचा पंख लावला की फोटोत ओळखू येत नाही. नंबरात बी एन नाही म्हणजे जीटी-आर नाही, तिथे विषय संपतो. नेकारकाठच्या, तुझ्या ९४ आणि ९५ सारखंच आहे हे.

डॅटसन २४०झेड पण अशीच, एच एल एस ३०. एच म्हणजे एल२४ इंजिन, एल म्हणजे स्टिअरिंग डावीकडे, एस ३० बॉडी. उजव्या स्टिअरिंगची असेल तर मधला एल गळतो, एच एस ३०. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला त्या गेल्या.

कॉम्प्रेशन_रेशो
एक विचारू का. सतरा घरांच्या नंबरात एक घर तपासणीचं असतं म्हणतात, ते गणित करून नंबर खोटा आहे का ते पकडता येतं ना? मग याने तेच का नाही केलं?

गॅरेजकाका
प्रश्न चांगला आहे. ते नववं घर. पण सक्ती उत्तर अमेरिकेत आहे, युरोपातल्या गाडीला नाही. याच्या नंबरात नवव्या घरात झेड आहे, तोही भरतीचा. तपासणीच्या घरात ० ते ९ किंवा एक्स एवढंच येऊ शकतं, म्हणून झेड दिसला की गणित करायचंच नाही. नेटवरच्या कितीतरी साइटी तरीही गणित करतात आणि चांगल्या गाडीचा नंबर चुकीचा ठरवतात.

अमेरिकेतली गाडी असेल तर कर. अक्षरांना आकडे द्यायचे, ए १, बी २ असं एच ८ पर्यंत, मग जे परत १ पासून आर ९ पर्यंत पण ओ आणि क्यू वगळून, म्हणून एन ५, पी ७, आर ९. एस मात्र २ पासून, झेड ९ वर संपतो. मग घरागणिक गुणक, ८ ७ ६ ५ ४ ३ २ १० ० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २. नवव्या घराचा गुणक शून्य, कारण तेच तपासायचंय. गुणाकारांची बेरीज करून ११ ने भागायचं, बाकी उरेल ती नवव्या घरात पाहिजे, बाकी १० आली तर एक्स. हात बसवायचा असेल तर सतराही घरात १ लिहून बघ. बेरीज ८९ येते, अकरा आठे अठ्ठ्याऐंशी, बाकी एक, नवव्या घरात एकच आहे, म्हणजे सतरा एकांचा नंबर गणितात बरोबर बसतो! यावरून लक्षात येईल की हे गणित लिहिताना झालेली चूक पकडायला आहे, लबाडी पकडायला नाही. दुसऱ्या गाडीचा खरा नंबर उचलून ठोकला तर गणित बरोबरच येणार.

दादरकर
सालाच्या अक्षराबद्दल माझाही एक अनुभव लिहितो. आमच्या शेजारच्या काकांकडे मर्सिडीज ५०० एसएल आहे, १०७ बॉडीची, ऐंशीच्या दशकातली. त्यांच्या मुलाने नंबर नेटवर टाकला तर साल आलं २००२, आणि घरात एकच गोंधळ, की कागद खोटे आहेत का काय. ही बॉडी १९८९ मधेच बंद झालेली. मग मी बसून बघितलं. डब्ल्यू डी बी, मग १०७०४६, मग २, मग ए. १०७ ही बॉडी, ०४६ म्हणजे ५०० एसएल, ए म्हणजे झिंडेलफिंगनचा कारखाना. आणि दहाव्या घरातला २ म्हणजे साल नाहीच, उजव्या हाताचं स्टिअरिंग! डावीकडे असेल तर १. मर्सिडीज युरोपच्या नंबरात साल लिहीतच नाही. साइटने २ वाचून २००२ करून टाकलं. काका दोन रात्री झोपले नव्हते.

गॅरेजकाका
बरोबर आहे. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. पोर्शचीच घे, १९८१ च्या आधी सतरा घरं नव्हती, सत्तरच्या दशकात दहा होती. १९७३ ची ९११ घेतली तर ९११, मग ३ म्हणजे १९७३, मग इंजिनाचा आकडा, ३ म्हणजे एस, २ म्हणजे ई, ६ म्हणजे कॅरेरा आरएस २.७, मग ० कूपे किंवा १ टार्गा (छताचा मधला भाग निघणारी), शेवटी चार आकडी क्रमांक. म्हणजे ९११३६० ने सुरू होणारा नंबर दिसला की श्वास रोखून बघायचं, त्या गाड्या दीड हजारांच्या जरा वर एवढ्याच झाल्या आणि मागे बदकशेपटी (आरएसचा तो वर वळलेला पंख) लावून साध्या ९११ ला आरएस म्हणून विकणारे त्याहून जास्त असतील असं मला वाटतं. १९८० हे एकच वर्ष मधलं, तेव्हा ९१ए ० असं लिहिलंय, पुढच्या वर्षी सतरा घरं आली.

९१४ चं पण लक्षात ठेवा. चार सिलिंडरची ९१४ असेल तर नंबर ४७ ने सुरू होतो, आणि खरी ९१४/६ असेल तर ९१४ ने. चारची सहा करणं सोपं आहे, कारण सहा सिलिंडरचं इंजिन त्या जागेत बसतंच, पण नंबर ४७ चा ४७ च राहतो.

नेकारकाठच्या, शनिवारी काय करायचंस ते सांगतो. आधी पत्र्यावर ठोकलेला नंबर बघ, मग पट्टी, मग कागद, तिन्ही जुळले पाहिजेत. फोनवर सांगितलेला नंबर कुठून वाचला तेही विचार. मग सर्व्हिस बुक माग. त्यात पहिल्या पानावर कारखान्याचा स्टिकर असतो, चासी नंबर, इंजिन आणि गिअरबॉक्सचा कोड, रंग, आतल्या कापडाचा कोड आणि खाली एम ने सुरू होणारे ऑप्शनचे कोड. एम २२० दिसला तर लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी यंत्रणा. तो स्टिकर म्हणजे गाडीची जन्मपत्रिका. मग चाकांच्या आत टॉर्च मार, टर्बोला चार पिस्टनचे ब्रेक कॅलिपर असतात, साध्या ९४४ ला नाहीत. इंजिन वाढवलं आणि ब्रेक जुनेच ठेवले असतील तर ती गाडी घेऊ नकोस, कितीही स्वस्त दिली तरी. हे मी आवडीनिवडीचं बोलत नाहीये, जिवाचं बोलतोय.

फोंडेकर
अवांतर: गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म कुणाकडे आहे का? फायबरची दोन सीटांची उघडी गाडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. भारतात बनलेल्या गाडीचं पहिलं अक्षर एम असतं, मारुतीचं एम ए ३, टाटांचं एम ए टी, महिंद्राचं एम ए १. आपल्या मातीत झालेली स्पोर्ट्स कार म्हणून सॅन स्टॉर्मच्या नंबरांची नोंद कुणीतरी करून ठेवायला हवी असं मनापासून वाटतं, गाड्या फार थोड्या उरल्यात. मालक असतील त्यांनी व्यनि करा, मी वही घातली आहे.

टिळकरोड
फोंडेकर, एक कळवतो, पुढेमागे उपयोग होईल. २०२१ मधे केंद्राने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी, नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये. पण अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे चासी नंबर जसाच्या तसा असणं सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या मामांनी जुन्या फियाटची चासी रंगवताना नंबरावर इतका जाड पुटीन भरला की आरटीओत पेन्सिलची छाप उमटेचना. सगळं परत खरवडावं लागलं.

नेकारकाठचा
जाऊन आलो. सगळं क्रमाने लिहितो, मोठं होईल पण तुम्ही एवढं सांगितलंत म्हणून लिहायलाच हवं.

पत्र्यावरचा नंबर, पट्टी आणि कागद, तिन्हींवर तोच नंबर. ९४ आणि ४. पहिली नोंदणी नोव्हेंबर १९८५, काका तुम्ही म्हणालात तसंच. सर्व्हिस बुक त्यांच्या भावाने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं, स्टिकर आहे, त्यावरही तेच. एम २२० आहे!

मग मी त्यांना सांगितलं की नंबराप्रमाणे ही टर्बो नाही. ते गप्पच झाले. मग आत जाऊन एक फाइल घेऊन आले आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेक कागद उघडत बसलो. १९९३ चं गॅरेजचं बिल निघालं. एका ठोकलेल्या टर्बोचं इंजिन, गिअरबॉक्स, पुढचे-मागचे ब्रेक, पुढचा बंपर, सगळं एकदम घेऊन बसवलेलं. आणि ट्युफची (इथली वाहनं तपासणारी संस्था) तपासणी करून गाडीच्या कागदात त्या बदलाची नोंदही केलेली. चाकात टॉर्च मारला, चार पिस्टनचेच कॅलिपर आहेत. म्हणजे भावाने काही लपवलं नव्हतं, ह्यांनी फाइल कधी उघडलीच नव्हती. म्हणाले, त्याचं अक्षर बघवत नव्हतं म्हणून उघडली नाही.

मी किमतीचं काहीच बोललो नाही त्या दिवशी. काल रात्री त्यांचाच फोन आला, म्हणाले साध्या ९४४ च्या भावात घे, वर ब्रेकचं थोडं धर. मी हो म्हणालो. जाहिरातीतला टर्बो शब्द त्यांनी स्वतःच काढला.

आता दोन प्रश्न. एक, एच नंबरप्लेट (जर्मनीत जुन्या ऐतिहासिक गाड्यांना मिळते ती) मिळेल का, तीस वर्षं तर कधीच झालीत. दोन, पत्र्यावरच्या नंबरावर थोडा गंज आलाय, आकडे वाचता येतात पण शेवटच्या घराशी पापुद्रा सुटलाय. वायर ब्रश मारू का?

ओसाकाकर
अभिनंदन रे! फोटो टाक.

हिमवादळ_मिशिगन
वाचताना डोळ्यात पाणी आलं. ती फाइल गाडीबरोबर मागून घे, आणि बिलाची एक प्रत त्यांच्याकडे राहू दे.

गॅरेजकाका
शाब्बास. पहिल्या प्रश्नाचं, बदल पहिल्या नोंदणीनंतर दहा वर्षांच्या आत झालेला आहे आणि बिल हातात आहे, त्यामुळे एच प्लेटच्या तपासणीला ते बिल सगळ्यात वर ठेव. पुढे कधी विकलीस तर जाहिरातीत ९४४, १९९३ मधे टर्बो इंजिन बसवलेली, असंच लिही.

दुसऱ्याचं, वायर ब्रश अजिबात नको. पॉलिश पेपर नको, ग्राइंडर तर जवळही नेऊ नकोस. घासल्याच्या रेघा दिसल्या की तपासणारा माणूस आधी संशयच घेणार, आणि एकदा आकड्याची कड गेली की परत येत नाही. आज आहे तसा जवळून फोटो काढून ठेव, तारखेसकट. मग पेनिट्रेटिंग ऑइल लावून रात्रभर ठेव, सकाळी जुना दात घासायचा मऊ ब्रश आणि सुती फडकं. पापुद्रा आपोआप सुटेल तेवढाच काढ. वर मेणाचा पातळ हात. रंग मारायचा नाही. आणि शेवटचं घर झाल्यावर एकदा सतराही आकडे मोठ्याने वाचून सर्व्हिस बुकाशी ताडून बघ.

नेकारकाठचा
तेल लावून आलोय. उद्या सकाळी परत जातो, जुना ब्रश बायकोकडून मागून घेतला.